पंधरा पावसाळ्यांनंतर नावे वाचता येतील का? रस्त्याकडेच्या स्मृतिफलकांची पारख

अपघाताला किंवा दरडीला वर्ष व्हायला आले की गावात फलकाचा विषय निघतो. वर्गणी जमलेली असते, वर्षश्राद्धाच्या आत काम उरकायचे असते, आणि कोणीतरी जवळच्या ग्रॅनाइटवाल्याकडे जाऊन ‘काळा दगड, सोनेरी अक्षरे’ एवढे सांगून येतो. चार पावसाळ्यांत सोनेरी रंग काळवंडतो, नावांवरचे अनुस्वार दिसेनासे होतात आणि दगडाचा खालचा कोपरा भिंतीपासून सुटू लागतो. ही ऑर्डर देण्याआधी वाचण्यासाठी ही पारख लिहिली आहे. बाजारात मिळणारे दगड आणि पत्रे, अक्षरे कोरण्याच्या पद्धती, बसवणी आणि मजकूर, सगळे पारखले आहे; दगड-पत्र्यांपैकी बहुतेकांना पाचपैकी गुणही दिले आहेत. कसोटी एकच ठेवली: उघड्यावर उभा असलेला फलक पंधरा पावसाळ्यांनंतर चार पावलांवरून वाचता आला पाहिजे.

आधी जे घेऊच नये ते. फ्लेक्स पहिल्या वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमापुरता ठीक आहे. उन्हात त्याचा लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, मग कापड कडक होऊन आयलेटपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या कडीपाशी, फाटते. गुण शून्य. एसीपी शीटवर, म्हणजे प्लास्टिकच्या थराला दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या फळीवर, रेडियमची अक्षरे चिकटवून मिळतात. ती रात्री गाडीच्या दिव्यात चमकतात खरी, पण पाचेक वर्षांत कडा उचलायला लागतात आणि पोरे नखाने काढतात. शीटच्या कापलेल्या कडेतून पाणी शिरले की पत्रा आतल्या थरापासून सुटतो. दिशादर्शक पाटीसाठी चालेल, नावांसाठी नको. गुण एक. ‘ॲक्रिलिकवर एलईडी’ हा प्रकार दुकानाच्या पाटीचा आहे, त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

दगड

संगमरवर पांढराशुभ्र, शांत दिसतो, म्हणून कुटुंबांचा कल त्याकडे असतो. पण संगमरवर म्हणजे चुनखडकाचाच भाऊ. आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. रस्त्यावरचा धूर, पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी, हारांचा कुजलेला रस यांनी त्याचे पॉलिश काही वर्षांतच मरते आणि पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो. हळद लागली तर डाग आत मुरतो. देवळाच्या सभामंडपात उत्तम, महामार्गाच्या कडेला नाही. गुण दोन.

कडप्पा स्वस्त, काळा आणि सगळीकडे मिळणारा. तोही चुनखडकच. नवा असताना तेल लावून दाखवतात तेव्हा ग्रॅनाइटसारखा भासतो. दोन उन्हाळ्यांत राखाडी पडतो आणि कडेने पापुद्रे सुटतात. चौथऱ्यावरची फरशी म्हणून घ्या, फलक म्हणून घेऊ नका. शहाबादीचेही तेच.

काळा ग्रॅनाइट हा खरा दावेदार. व्यापारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचा खडक असतो. त्याने काही बिघडत नाही, कारण तो घट्ट असतो, पाणी फारसे पीत नाही आणि कोरलेले अक्षर धारदार राहते. बिघडते ते रंगवलेल्या दगडाने. करड्या दगडाला काळा रंग पाजून ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकणारे कमी नाहीत. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे: पांढऱ्या फडक्यावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन दगडाच्या मागच्या आणि कडेच्या भागावर जोरात घासा. फडके काळे झाले तर दगड परत ठेवा. तो उन्हात करडा पडणार. दुसरी तपासणी पाण्याने करावी. पृष्ठभाग ओला करून पुसला की पुसल्यावरही ओली राहिलेली बारीक रेघ दिसली तर तिथे चीर आहे. मागे जाळी आणि रेझिन लावलेली लादी स्वयंपाकाच्या ओट्याला चालते, कारण तिला खालून आधार असतो. उभ्या फलकासाठी जाळीविना, अंगचीच धड लादी मागा.

जाडीचा प्रश्न लोक सोडून देतात. ओट्यासाठी येणारी लादी साधारण १८ मिलिमीटर असते. भिंतीला बसवणार असाल तर ती पुरते, पण खोल अक्षरे हवी असतील आणि कडा उघड्या राहणार असतील तर ३० मिलिमीटरची मागवा. वजनाचा अंदाज आधीच घ्या: तीन फूट बाय चार फुटांची, १८ मिलिमीटरची लादी सुमारे ५८ किलो भरते, ३० मिलिमीटरची ९७ किलोच्या आसपास. पहिली चार माणसे उचलतात. दुसरीला सहा लागतात, आणि ती टेम्पोत आडवी न टाकता फळीवर उभी, कडेवर टेकवून आणावी लागते. आडवी ठेवलेली लांब लादी खड्ड्यात मधोमध मोडते. ‘दगडच खराब निघाला’ असे मग सांगितले जाते. सँडब्लास्टची अक्षरे आणि नीट बसवणी धरून काळ्या ग्रॅनाइटला गुण चार.

पाचपैकी साडेचार गुण मात्र आपल्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला. या मुलखात रस्त्याकडेचे सर्वांत जुने स्मारक म्हणजे वीरगळ, आणि बहुतेक वीरगळ याच दगडाचे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वर शिवलिंग, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर समुद्रावरच्या लढाईचे आहेत, त्यांवरची जहाजे आणि वल्ही आजही मोजता येतात. ते टिकले याला कारण आहे. त्यांत रंगावर काही अवलंबून नाही, आकृती उठावात आहे, आणि दगड स्वतःच्या वजनावर जमिनीत गाडून उभा आहे. भिंत नाही, सिमेंट नाही, खिळा नाही.

आजही पाथरवट असा फलक करून देतात. दगड निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. हातोडीने हलके ठोकल्यावर आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला तर आत चीर किंवा मऊ शीर आहे. आणि पृष्ठभागावर बारीक पोकळ्या नकोत, कारण कोरताना नेमकी मात्रा किंवा अनुस्वार त्या पोकळीत जातो. सहा फूट उंच, दोन फूट रुंद, पाच इंच जाड असा दगड घेतला आणि दोन फूट जमिनीत गाडला, तर वर चार फूट उरतात. वजन चारशे किलोच्या वर जाते, म्हणजे हायड्रा क्रेन बोलवावी लागते आणि ती जागेपर्यंत पोचेल का हे आधी पाहावे लागते. अर्धा गुण कापला तो अक्षरांच्या मर्यादेसाठी: टाकीने कोरलेले अक्षर दीड इंचाहून लहान नीट येत नाही, त्यामुळे एका दगडावर दहा-बारा नावेच बसतात. मृतांची संख्या त्याहून जास्त असेल तर दोन-तीन दगड उभे करावेत किंवा बेसाल्टच्या दगडात ग्रॅनाइटची लादी खोबणीत बसवावी. कोकणात जांभ्याचा चौथरा सुरेख दिसतो आणि पाणीही मुरू देतो, पण जांभ्यावर अक्षरे कोरायच्या फंदात पडू नये.

धातूचे थोडक्यात. पितळ आणि तांबे रस्त्याकडेला लावले की भंगारवाल्याचे. आम्ही गुण देत नाही. स्टेनलेस स्टीलची कोरीव पाटी चांगली टिकते. दीड ते दोन मिलिमीटर जाड पत्रा घ्या, अक्षरे रासायनिक पद्धतीने खोदून त्यात रंग भाजून भरलेला असावा. आतल्या भागात ३०४ प्रतीचे स्टील चालते, किनाऱ्याजवळ ३१६ च हवे. खाऱ्या हवेत ३०४ ला पिवळट ठिपके पडून बारीक खड्डे होतात. पत्रा आरशासारखा चकचकीत नको, दुपारी डोळे दिपतात. ब्रश फिनिश, म्हणजे बारीक रेघांची मंद चमक, मागा. गुण साडेतीन, आणि घाटातल्या अवघड जागी, जिथे शंभर किलोचा दगड नेणेच शक्य नाही, तिथे चार.

अक्षरे

दगड चांगला आणि अक्षरे वाईट, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. तीन पद्धती मिळतात.

लेझरने काळ्या ग्रॅनाइटवर फोटोसुद्धा उमटतो, म्हणून लोक भुलतात. लेझर पृष्ठभागाचे पॉलिश फक्त उडवतो. बोट फिरवून पाहा, नखाला खोली लागत नाही. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ओघळ आणि धूळ त्यावर बसली की फोटो आणि पार्श्वभूमी सारखीच करडी दिसू लागते. करड्या किंवा लाल दगडावर तर तो धड दिसतही नाही. चेहरा हवाच असेल तर लेझरचा छोटा चौकोन वेगळा करून वर छज्जा द्या. नावांसाठी मात्र लेझर नको.

सँडब्लास्ट म्हणजे दगडावर रबरी शीट चिकटवून, अक्षरे कापून काढून, वाळूचा मारा करणे. नावांच्या यादीसाठी हीच पद्धत सर्वांत योग्य. २० मिलिमीटर उंचीच्या अक्षराला दीड ते दोन मिलिमीटर खोली मागा आणि ती पावतीवर लिहून घ्या. कारागिराला घाई असली की अर्ध्या मिलिमीटरवर थांबतो. रंग भरल्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि फरक कळतो तो रंग गेल्यावर. दोन मिलिमीटर खोल अक्षर रंग पूर्ण उडाला तरी तिरप्या उजेडात वाचता येते.

देवनागरीची अडचण इथे येते. ‘ष’, ‘घ’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातले रबराचे लहान तुकडे माऱ्यात उडून जातात आणि अक्षर भरीव खड्डा बनते. अनुस्वार आणि नुक्त्याचे उलट होते: भोक इतके लहान की वाळू आत शिरत नाही, टिंब उथळ राहते. म्हणून बारीक किंवा नक्षीदार फॉन्ट टाळा. दांड्याची जाडी सगळीकडे सारखी, पोट मोकळे, टिंब मोठे असा साधा ठसठशीत फॉन्ट निवडा. फॉन्ट मराठी वळणाचा आहे ना, ‘ल’ आणि ‘श’ आपल्यासारखे आहेत ना, हेही पाहा. हिंदी वळणाचे बरेच फॉन्ट दुकानदाराच्या संगणकात आधीपासून असतात.

आणि सर्वांत जास्त चुका जिथे होतात ती जागा: व्हॉट्सॲपवर पाठवलेली युनिकोडमधली यादी दुकानातल्या जुन्या कोरल-ड्रॉमध्ये चिकटवतात, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. दुकानदार मग ती यादी त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये हाताने पुन्हा टाइप करतो, आणि ‘सूर्यवंशी’चा ‘सुर्यवंशी’ होतो. दगडावर खोडरबर चालत नाही. उपाय असा: यादी नीट उमटणाऱ्या संगणकावर तयार करून पीडीएफ करा, अक्षरे कर्व्हमध्ये बदललेली, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या नुसत्या आकृत्या झालेली, फाइलच दुकानात द्या. नंतर पूर्ण आकाराची, म्हणजे खरोखर तीन बाय चार फुटांची, कागदी प्रत काढून घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार दिवस लावा. प्रत्येक घरातल्या माणसाने आपल्या ओळीसमोर सही करावी. सह्या पूर्ण झाल्याशिवाय कापणी सुरू करायची नाही, हे दुकानदाराला आगाऊ सांगावे.

मापाचा हिशेब असा बसतो. दहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षराची उंची एक इंच; देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून ओळ ते ओळ अंतर अक्षराच्या दुप्पट ठेवावे लागते. आपल्या चार पावलांच्या कसोटीला थोडे लहान अक्षरही पुरते. तीस नावे, दोन रकाने, २० मिलिमीटरचे अक्षर, ४० मिलिमीटरची ओळ: पंधरा ओळींना ६०० मिलिमीटर लागले. वर शीर्षक आणि घटनेच्या चार-पाच ओळींना साडेतीनशे, कडेचे मोकळे समास धरून तीन बाय चार फुटांची लादी बरोबर भरते. यात ‘शुभहस्ते’ला जागा उरत नाही, आणि ते बरेच आहे.

टाकीने कोरलेले अक्षर तिसरे. त्याचा काप इंग्रजी व्हीसारखा असतो, उजेडसावलीमुळे रंगाविनाही उठून दिसतो. बेसाल्टला हेच. कारागीर मिळणे आणि त्याला शुद्ध मजकूर कागदावर त्याच आकारात आखून देणे, एवढेच अवघड.

रंगाबद्दल: सोनेरी रंगात धातूची भुकटी असते, ती उघड्यावर काळी-तपकिरी पडते. खऱ्या सोन्याचा वर्ख काळा पडत नाही, पण तो परवडेल असे गृहीत धरू नये. साधा पांढरा किंवा मलई रंग घ्या, तोही बाहेरच्या वापराचा. पाच-सहा वर्षांनी पुन्हा भरावा लागतो आणि गावातला कोणीही पेंटर तो भरू शकतो.

नावे आणि मजकूर

फलकाच्या मजकुराला पारखणारे फार थोडे. ‘दि. अमुक रोजी झालेल्या दुर्दैवी घटनेत मृत्युमुखी पडलेल्यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, एवढ्यावर काम संपते. खाली प्रमुख उपस्थिती, सौजन्य आणि दगड देणाऱ्याचे नाव, बहुतेकदा मृतांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत. वीस वर्षांनी त्या रस्त्याने जाणाऱ्याला घटना कोणती हेच कळत नाही. असा फलक दगड कितीही उत्तम असो, आमच्याकडे नापास.

काय घडले, किती वाजता, का घडले, हे तीन वाक्यांत आले पाहिजे. किल्लारीसाठी ‘३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली झोपेतली माणसे सापडली’ असे लिहिले तर माणसे का गेली हे नातवंडांनाही समजते. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची ओळ अशी होईल: १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती, कापसाला आग लागली, दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यात गेलेल्या अग्निशमन जवानांमुळे १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन झाला, पण ‘शहीद झाले’ एवढ्या शब्दांतून कापूस आणि दारूगोळा एका जहाजात होता हे कुठे कळते? पानशेत धरण फुटल्याची तारीख, १२ जुलै १९६१, पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते हे वाक्य मात्र हमखास गळते. नागपुरातल्या गोवारी स्मारकासारख्या ठिकाणी तर कारणाशिवाय आकड्याला अर्थच नाही: २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचे ११४ जण चेंगरून गेले, ते अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन विधिमंडळावर आले होते, हे आले पाहिजे.

कारण लिहिताना एक पथ्य. खटला किंवा चौकशी चालू असेल तर माणसाचे किंवा कंपनीचे नाव दोषी म्हणून कोरू नये. ‘पुलाचा कठडा तुटलेला होता’, ‘वळणावर फलक नव्हता’ अशी पंचनाम्यात आलेली वस्तुस्थिती लिहिता येते, आणि तीच पुरेशी बोलकी असते.

यादी कुठून घ्यायची? घटनेच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कधीही नाही. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला दरड कोसळली तेव्हा आकडा दिवसागणिक वाढत १५१ वर गेला, शोधकाम आठवडाभर चालले होते. तहसील कार्यालयातली मदतवाटपाची यादी आणि पोलिसांची यादी समोरासमोर ठेवून घरोघरी पडताळावी. रुग्णालयात नंतर दगावलेले लोक पहिल्या यादीत नसतात; सरकारी आकडेवारीत रस्ता अपघातानंतर ३० दिवसांच्या आतला मृत्यू अपघाती मृत्यू म्हणून धरतात, फलकासाठीही निदान तोच निकष लावावा. बेपत्ता माणसांचा प्रश्न त्याहून नाजूक. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. अशा घटनेत सगळे मृतदेह हाती लागत नाहीत. कुटुंबाने होकार दिल्याशिवाय बेपत्ता माणसाचे नाव मृतांत टाकू नये. खाली तीन-चार ओळींची जागा कोरी सोडावी. दगड जागेवर असताना नाव वाढवता येते, छोटे सँडब्लास्ट यंत्र आणणारे कारागीर मिळतात. जागाच नसेल तर काय करणार?

क्रम आडनावानुसार नको, वयानुसारही नको, घरानुसार ठेवा. एका घरातली चार माणसे दगडावरही शेजारी असावीत. नावापुढे वय लिहा. लग्न झालेल्या मुलीचे नाव सासरचे की माहेरचे, हे दोन्ही घरांना विचारूनच.

क्यूआर कोड लावायची पद्धत निघाली आहे. कोड टिकतो, त्यामागचे संकेतस्थळ बंद पडते. गुण एक, तोही हौसेला.

जागा आणि बसवणी

निम्मे फलक जागेमुळे जातात. रस्त्याच्या हद्दीत परवानगी मिळेल या आशेवर राहू नये: सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देण्यास राज्य सरकारांना मनाई केली. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवरचे अतिक्रमण २००२ च्या कायद्याखाली हटवता येते. रुंदीकरण आले की हद्दीतला चौथरा पहिल्याच दिवशी जेसीबीखाली जातो. म्हणून हद्दीबाहेरची, कोणाच्या तरी सातबाऱ्यावरची किंवा ग्रामपंचायतीची जागा घ्या, मालकाकडून लेखी घ्या, ग्रामसभेचा ठराव करा.

यात दुसरेही कारण आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, डांबराला लागून बांधलेला काँक्रीटचा चौथरा म्हणजे पुढच्या घसरलेल्या गाडीला धडकायला ठेवलेली भिंत. जिथे माणूस मेला नेमक्या तिथेच दगड हवा ही भावना समजते, पण दहा-वीस मीटर आत, गाडी उतरवून उभी करता येईल अशा जागी तो असावा. धावत्या गाडीतून वाचायची ती पाटी वेगळी. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील तर तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. तिथे सूचनाफलक, कठडा, रंबलर यांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा. स्मृतिफलकाने ते काम होत नाही.

पाया जमिनीप्रमाणे. काळ्या मातीत दीड फुटावर चौथरा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो कलतो, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदा. चार-साडेचार फुटांपर्यंत लागला नाही तर तेवढी माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून भरा, मग सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळईविना काँक्रीट). माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. डोंगरउतारावर चौथऱ्यासाठी पायथा कापू नये. दरडीच्या स्मारकासाठी दरडीचा पाय खणणे म्हणजे कमालच.

लादी भिंतीला नुसत्या सिमेंटच्या मालाने थापून बसवतात, ती पडते. मागे पोकळ्या राहतात, त्यांत पाणी साचते, आणि मेच्या उन्हात काळा दगड तापून फुगतो तेव्हा माल सोबत हलत नाही. बरोबर पद्धत: खाली दगडाची किंवा आरसीसीची पट्टी, तिच्यावर लादीचे वजन टेकलेले, दोन्ही बाजूंना स्टेनलेसच्या पिना कडेत भोक पाडून इपॉक्सीने बसवलेल्या, मागे बाहेरच्या वापराचा टाइल ॲडहेसिव्ह पूर्ण पसरलेला, चारही बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची फट आणि तीत सिलिकॉन. पिना किंवा क्लॅम्प साध्या लोखंडाचे असतील तर गंजून फुगतात आणि दगडाचा कोपरा फोडतात. वरच्या छज्जाला दोन-तीन इंच पुढे काढून खालून पाण्याची खाच ठेवा, नाहीतर ओघळ सरळ पहिल्या नावावर येतो.

वर्षातून एक दिवस

फलकाचे सर्वांत जास्त नुकसान पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी होते. कोणीतरी संडास धुवायचे ॲसिड आणतो आणि दगड ‘चकाचक’ करतो. संगमरवर खाल्ला जातो, ग्रॅनाइटवर तपकिरी डाग उठतात, स्टीलला खड्डे पडतात आणि सांध्यातले सिमेंट पोकळ होते. पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश, बाकी काही नको. खोबरेल किंवा रॉकेल पुसून चमक आणणेही बंद करा; त्यावर धूळ धरते.

हार दगडावर टांगू नयेत, त्यासाठी दोन्ही बाजूंना आधीच हूक ठेवावेत. दिव्यांसाठी फलकाखाली नाही, बाजूला कोनाडा करावा. काजळी दगडात बसते. नारळ फोडायला चौथऱ्याची धार वापरतातच, तेव्हा एक वेगळा ओबडधोबड दगड बाजूला पुरून ठेवा, कडा वाचतील. पिंपळाचे रोप भेगेत दिसले की बोटभर असतानाच मुळासकट काढावे. झाड लावायचेच तर बकुळ लावावी, चौथऱ्यापासून निदान पंधरा फुटांवर.

वर्गणीतला दहावा हिस्सा रंग पुन्हा भरण्यासाठी आणि सिलिकॉन बदलण्यासाठी बाजूला ठेवावा. कर्व्हमधली मूळ फाइल, सह्या केलेली कागदी प्रत आणि कारागिराची पावती ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा करावी. पुढे एखादे नाव वाढवायचे झाले तर त्याच वळणाचे, त्याच मापाचे अक्षर लागते, आणि तोवर दुकानदाराने संगणक बदललेला असतो.